कोरडा राखलेला डोंगा

शेवंता,

मी तुझ्याशी दोनदा खोटे बोलले. एकदा पत्रात, आणि एकदा तुझ्या उशाशी बसून, तुझा तापलेला हात माझ्या हातात असताना. दोन्ही वेळा विषय एकच होता: आपला डोंगा. ती दोन्ही खोटी खरी मानून तू गेलीस, की मनातल्या मनात ओळखून गेलीस, हे मला आता कधीच कळणार नाही. गेलेल्या माणसाशी बोलणाऱ्याला कुठेतरी वाटत असते, की आपले बोलणे पोचते आहे. मला तसे वाटत नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण जे तुझ्या तोंडावर सांगायचे होते ते इतर कुणाला सांगून संपत नाही. मी सांगून पाहिले आहे.

आपली भेट पूर्णेच्या पात्रात झाली, ऐन मध्यावर. नव्या राज्याचे ते पहिलेवहिले दिवस होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून मी खामगावहून नदीच्या या दक्षिण काठच्या गावी आले होते. पावसाळ्यात पलीकडे संग्रामपूरच्या बाजाराला जायचे तर म्हाताऱ्या भोयाच्या, दगडूबाबांच्या डोंग्यावाचून वाट नव्हती. त्या दिवशी डोंग्यात अकरा माणसे, दोन शेळ्या आणि एक सायकल होती. तांबडे पाणी डोंग्याच्या काठापासून वीतभर अंतरावर आले होते. बाया डोळे मिटून, तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मी मात्र हात पाण्यात सोडला होता. प्रवाह बोटांतून जात होता, आणि थंड, जड रेशमाची लड कुणीतरी सावकाश ओढून घेत आहे असे वाटत होते. समोर पाहिले, तर पाण्यात आणखी एक हात होता. काळासावळा, रुंद, मनगटाशी आयोडीनचा डाग असलेला.

"अवो बाया, हात अंदर घ्या! मगर खाईन एखांदी," दगडूबाबा ओरडले.

"येऊ दे ना बाबा. इंजेक्शन देऊन टाकतो तिले," तू म्हणालीस.

सगळा डोंगा हसला आणि शेळ्या घाबरून ओरडू लागल्या. मग तू माझ्याकडे वळलीस. "तुले भेव नाही वाटत का वं?"

"वाटते," मी म्हणाले. "म्हणून तर हात सोडला आहे."

तू मला नीट निरखलेस, बाजारात वांगे निरखावे तसे. "मंग तू आपल्यातली हायेस," असे म्हणालीस, आणि तो निकाल पुढे कधी बदलला नाहीस.

तू दवाखान्याची सिस्टर. दोन्ही काठांची गावे तुझ्या वाट्याची. अडलेली बाई कुठल्या काठाला अडेल याचा नेम नसतो, म्हणून तुला स्वतःचा डोंगा हवा होता. हे कारण तू साहेबाला सांगितलेस. मला सांगितलेस ते वेगळे होते. "पाण्यावर आलं का मले कोणाची सून, कोणाची बहीण, काही याद राहत नाही." जळगाव जामोदला तुझ्या भावाच्या भाजीच्या मळ्यात तुमच्या वडिलांनी लावलेला आंबा वादळात पडला होता. व्यापारी फळ्यांसाठी मागत होता. तू भावाशी भांडून ते खोड गाडीवर घालून नदीवर आणलेस. दगडूबाबा महिनाभर तासणीने ते आतून कोरत होते. ओल्या आंब्याच्या लाकडाचा तो आंबटगोड, किंचित तुरट वास अजून माझ्या एका जुन्या लुगड्याच्या घडीत असावा, असा मला भास होतो. घडी उलगडून पाहिली. वास नाही.

किती दिले तू मला! शाळा सुटली की मी काठावर येत असे आणि तू पलीकडून येताना दिसत असस, उभी, पदर कमरेला खोचलेला, बांबू दोन्ही हातांत. आधी मला बांबू धरता येत नसे. मी पाण्याशी झुंजत असे आणि डोंगा स्वतःभोवती फिरत असे. दगडूबाबा काठावरून सांगत, "बाई, पाण्याले ढकलू नका. त्याले जाऊ द्या, तुम्ही मधातून निघा." हे वाक्य मी कितीदा वहीत लिहून घेतले. तू वही हिसकावून म्हणालीस, "लिहू नको, कर." आश्विनात पाणी निवळले की आपण मधोमध थांबत असू. आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तिथे वाकून ओंजळभर घेतलेले ते थंड, मातीची अंधूक चव असलेले गोड पाणी मला आयुष्यातल्या कोणत्याही पक्वान्नापेक्षा अधिक आठवते. लव्हाळ्यातून पाणकोंबडी ओरडे. तू ओल्या हातांनी भाजलेल्या शेंगा फोडत असस आणि टरफले पाण्यावर सोडून कुणाचे पुढे जाते यावर माझ्याशी पैज लावत असस. तू सर्रास लबाडी करत असस. आपल्या टरफलामागे हळूच पाणी लोटत असस.

माझ्या कविता तू ऐकल्यास. सगळ्या ऐकल्यास, हे मोठेच उपकार. एकदा शेवटी म्हणालीस, "तुह्या कवितेत नदी लय रडते वं. आमची नदी काऊन रडन? तिले वेळ कुठी हाय?" मी आठ दिवस रुसले होते. नवव्या दिवशी त्या कवितेतले रडणे मी काढून टाकले. ती तेवढी एकच कविता आज मला वाचता येते.

आपला खरा वाद मात्र कवितेवरून नव्हता. तो होळीच्या आधी दरवर्षी होत असे आणि तो आपण पुरा केला नाही.

फाल्गुनात पूर्णा आटत येते आणि नुसते डोह उरतात. आपल्या उन्हात डोंगा वर ठेवला तर तडकतो, म्हणून भोई तो दगडांनी भरतात आणि डोहात बुडवून ठेवतात. मृग लागला की दगड काढायचे आणि डोंगा वर घ्यायचा. पहिल्या वर्षी हे पाहताना मला सोसवले नाही. एकेक दगड आत पडत होता, काठ खाली जात होता. मग पाणी आत शिरले, आणि आपला एवढा देखणा डोंगा एक लांब हिरवी सावली होऊन खाली गेला. वर चार बुडबुडे आले. मी रडले. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास.

"मेला का तो? निजला हाय."

"जे जपायचे ते कुणी बुडवते का?" मी विचारले. "जपायचे ते नजरेसमोर ठेवावे. तेल लावावे, सावलीत ठेवावे."

"लोणचं हाय का ते, तेल लावून ठेवाले?" तू म्हणालीस. "माय, लाकूड पाण्यातच जित्तं राह्यते. नजरेसमोर ठेवलं का मरते."

मला ते पटले नाही. मला वाटे, हे गरिबाचे शहाणपण आहे. त्याच्याकडे सावली नाही, तेल नाही, म्हणून तो बुडवतो. हा विचार मी तुला बोलून दाखवला नाही, पण मनात धरून ठेवला. त्याची लाज मला आज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

मागच्या माघात तुला पुढल्या शिक्षणासाठी अमरावतीला पाठवले. निघताना एसटीच्या खिडकीतून तू बजावलेस, "होळी पेटाच्या आत डोंगा बुडवजो. बाभळीखालच्या डोहात. आन् दगडूबाबाले संग घेजो, आपल्या मनानं काही करू नको." गाडी हलल्यावर पुन्हा ओरडलीस, "आपल्या मनानं नको!"

दगडूबाबा तेव्हा लेकीकडे पिंपळगाव राजाला गेले होते. मी थांबायला हवे होते. शाळेच्या मागे मोडक्या बाकांची एक खोली आहे, जाड भिंतींची, उत्तरेला खिडकी असलेली. शाळेचा शिपाई महादू आणि त्याची बैलजोडी यांच्या मदतीने मी एका संध्याकाळी डोंगा तिथे आणवला. "बाई, हा पाण्यात ठेवत असते," महादू म्हणाला. "या वर्षी नाही," मी म्हणाले. "आणि कुणाला सांगू नका." जवसाच्या तेलाचे दोन डबे आणून मी स्वतः, माझ्या हातांनी, आतून बाहेरून तेल मुरवले. लाकूड तेल पीत होते आणि सोन्यासारखे होत होते. मनात चित्र रंगवले होते: तू मृगात येशील, मी कुलूप काढीन, आणि तुला दाखवीन, पाहा, न बुडवताही जपता येते. त्या रात्री तुला पत्र लिहिले. 'डोंगा तू सांगितल्या जागी बुडवला. काळजी नसावी.' हे पहिले खोटे. तुला थक्क करण्यासाठी लिहिलेले, हसत हसत लिहिलेले.

वैशाखातली दुपार होती. मी शेजारच्या वर्गात उत्तरपत्रिका तपासत होते. चाबूक ओढावा तसा आवाज झाला. एकच. मला आधी वाटले, कौल फुटले. मग कळले. मी जाऊन कुलूप काढले. डोंग्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रेघ गेली होती आणि तिच्यातून खालची शहाबादी फरशी दिसत होती. मी रेघेत बोट घातले. ते आरपार गेले.

तू आलीस. मृगाच्या पहिल्याच आठवड्यात, पायांतली चप्पल काठावर फेकून, "चाल, काढू त्याले," म्हणत. बाभळीखाली तू पाण्यात शिरलीस आणि पायांनी चाचपलेस. काही नव्हते. त्या क्षणी मी खोटे बोलले नाही. मी काहीच बोलले नाही. निष्कर्ष तूच काढलास. "दगडानं भरेल डोंगा वाहून नाही जात. गाळात रुतला असन. भेटते."

त्यानंतर तू जे केलेस ते आठवले की मला श्वास घेणे नकोसे होते. वेळ मिळेल तेव्हा तू बांबू घेऊन डोहात उतरत होतीस आणि हातहातावर तळ टोचून पाहत होतीस. मलाही एक बांबू दिलास. "आयक," तू शिकवलेस. "रेतीचा आवाज खस्स. गोट्याचा टक. लाकडाचा आवाज पोटातून येते, बद्द." आणि मी, शेवंता, तुझ्या शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून, जी वस्तू तिथे नव्हती ती शोधत राहिले. माझ्या शाळेच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती आणि ती ओली होत होती.

एके संध्याकाळी तुझा बांबू बद्द वाजला. तुझा चेहरा असा उजळला की मला तो पाहवेना. तू बुडी घेतलीस, वर आलीस, पुन्हा गेलीस. बाभळीचे जुने खोड होते. केसांतून पाणी निथळत तू उभी होतीस आणि मी तोंड उघडले. खरोखर उघडले. शब्द जिभेवर होता. माझे डोळे भरलेले पाहून तू म्हणालीस, "रडू नको वं. माहा डोंगा हाय तो, मले सोडून कुठी जाईन?" तुझ्या त्या दिलाशानेच माझे तोंड बंद केले. ज्याने सांत्वन केले त्याला आपण कसे सांगावे, की ज्याच्यासाठी तू माझे सांत्वन करते आहेस ते दुःखच खोटे आहे?

श्रावणात झड लागली. सहा दिवस सूर्य दिसला नाही. आमच्या गावात एक बाई अडली म्हणून तू दगडूबाबांबरोबर आलीस, मूल सुखरूप काढलेस, आणि परत जाण्याआधी पुन्हा डोहाकडे गेलीस. किती वेळ पाण्यात होतीस मला ठाऊक नाही. दिवेलागणीला माझ्या दारात उभी होतीस, ओठ निळे पडलेले. रात्रीतून नदी दोन्ही काठ सोडून वाहू लागली. अलीकडे नाला फुगला आणि एसटी बंद झाली. तिसऱ्या दिवशी तुझ्या छातीत घरघर सुरू झाली. आपली नाडी आपणच मोजून तू सांगितलेस, "न्यूमोनिया हाय हा. पेनिसिलीन पाह्यजे, ते पलीकडं हाय." एखाद्या दुसऱ्या रोग्याविषयी बोलावे तसे. दगडूबाबा दर तासाला काठावर जाऊन पाणी पाहून येत आणि मान हलवत. आपला डोंगा हाती असता तरी त्या पुरात उतरला नसता, असे ते म्हणाले. ते खरे असेल. त्याने माझे काही सुटत नाही. डोंगा धड असता, तर तू त्या पाण्यात उभीच राहिली नसतीस.

चौथ्या दिवशी पहाटे तुला शुद्ध आली. ताप असूनही आवाज स्वच्छ होता.

"सापडला का वं?"

"सापडला," मी म्हणाले.

"कुठी?"

"बाभळीपाशीच. थोडा पुढे."

"फुटला तं नाही ना?"

"नाही."

तू डोळे मिटलेस. तुझ्या चेहऱ्यावर ते पैज जिंकल्यावरचे हसू आले. "मी सांगत नव्हती? पाण्यातच जित्तं राह्यते." मग काही वेळाने, "पाणी उतरलं का काढू दोघी." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

हे दुसरे खोटे. आपला वाद तू जिंकून गेलीस, आणि जिंकलीस ती माझ्या बनावट पुराव्यावर. खरे सांगितले असते तरी तूच जिंकली असतीस. तेवढा न्यायही मी तुला दिला नाही.

तुझा भाऊ पलीकडे अडकलेला होता. तुला ठेवणे शक्य नव्हते. आणि गावात चितेला कोरडे लाकूड नव्हते. गोवऱ्यांचा ढीग भिजून शेण झाला होता, तुराट्या कुजल्या होत्या. माणसे माझ्या ओसरीवर उभी राहून एकमेकांना विचारत होती. कुणी आपल्या घराचा वासा काढून देतो म्हणाले. महादूने माझ्याकडे पाहिले. मी कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

सहा जणांनी डोंगा उजेडात आणला. मी सांगितले, सर्वांसमक्ष, मोठ्याने: हा डोंगा मी बुडवला नव्हता, तिने सांगूनही बुडवला नाही, तिला खोटे लिहिले, ती मृगापासून पाण्यात हाच शोधत होती. माझा आवाज पावसात मलाच परका वाटला. मग एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "देवानंच तुमच्याकून राखून घेतला, बाई. नाही तं आज या लेकराले काय केलं असतं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दगडूबाबा तेवढे पुढे आले. त्यांनी त्या भेगेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. "कोरडा मारला याले," ते म्हणाले, लाकडाकडे पाहत. आणि मग कुऱ्हाड मागितली.

आपल्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी शाळेच्या पायरीवर उभी होते. तुला अग्नी दगडूबाबांनी दिला. पाऊस पडत होता, तरी ते लाकूड पहिल्या काडीला पेटले, असे महादूने येऊन सांगितले. जणू ही शुभवार्ता होती. मी त्याला विचारले, सिस्टरबाईंना कधी काही बोललात का? "नाही, बाई," तो म्हणाला. "एक डाव त्याइनं इचारलं होतं, त्या खोलीले कुलूप काऊन हाय म्हणून. मी म्हटलं, पुस्तकं हायेत. त्या म्हणे, हो, पुस्तकाले पाणी नाही चालत." तो सांगून गेला आणि मी तुझे ते वाक्य उलटून पालटून पाहत राहिले. त्यात तू ओळखल्याचे काही आहे का? कधी वाटते आहे. कधी वाटते ते नुसते पुस्तकांविषयीचे वाक्य आहे. हेच आता उरलेले आयुष्यभर चालणार.

काल जळगाव जामोदला तुझा तेरावा झाला. आज सकाळी पाणी उतरलेले पाहून तुझा भाऊ इकडे आला. डोके भादरलेले, हातात कागदात गुंडाळलेले लुगडे.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या बापानं लावेल आंबा होता तो. तुम्ही कोरडा राखला म्हणून माही बहीण घरच्या लाकडावर गेली. लोकं सांगून राह्यले मले. हे ठेवा."

"तुम्हाला सगळे सांगितले नाही त्यांनी," मी म्हणाले. "तिने मला बजावून—"

"आयकलं मी सारं. जाऊ द्या ना. तिनं कवाच माफ केलं असतं तुमाले."

नाही, शेवंता. तू माफ केले नसतेस. निदान लगेच नाही. तू भर बाजारात मला फैलावर घेतले असतेस, महिनाभर पलीकडच्या काठाहून माझ्याकडे पाठ करून बांबू मारला असतास, माझ्या कवितांना आणि माझ्या तेलाच्या डब्यांना नावे ठेवली असतीस. त्या महिन्यासाठी मी काय दिले नसते! या गावात आता माझी चूक ही पुण्याई झाली आहे. लोक वाटेत थांबून मला नमस्कार करतात. दगडूबाबा दिसले की दुसरीकडे पाहतात, आणि त्यांच्याही तोंडून ते 'कोरडा मारला' पुन्हा निघणार नाही. रागावायचे ते माणूसच गेले.

तुझा भाऊ उभा होता, दोन्ही हात पुढे करून. त्याचे डोळे तुझ्यासारखे आहेत. त्याला परतीच्या डोंग्याची घाई होती.

मी लुगडे घेतले.